काल रात्री हॉलमध्ये कोण ओरडत होतं?

ए-002 काकू, 29 मे 2023, सकाळी 6:41
सेक्रेटरी साहेब, काल रात्री 11 वाजता हॉलमध्ये कोण बोंबलत होतं? आयपीएलची फायनल तर अहमदाबादच्या पावसात टॉसही न होता लटकली. मग "काढ बे, बाहेर काढ" कशासाठी? ह्यांचा नुकताच डोळा लागला होता. कोजागिरीलाही हेच झालं होतं, मी तेव्हा बोलले नाही.

सी-202, 6:55
तेव्हाही बोलल्या होत्या काकू 😄

सेक्रेटरी, 7:02
सुप्रभात. चौकशी करतो. सर्वांनी संयम ठेवावा 🙏

बी-101, 7:04
अन् कूलरचा पंप जळला त्याचं काय? टाकी कोरडी, पंप रात्रभर सुरू. सकाळी वास येऊन राहिला होता.

ए-304, 7:20
काकू, सॉरी. तो मी होतो. पाऊस थांबतच नव्हता म्हणून 9 वाजता चॅनल बदललं. इंग्लंडच्या फुटबॉलचा, प्रीमियर लीगचा शेवटचा दिवस होता. एव्हर्टन खाली जाऊन राहिलं होतं.

सी-202, 7:22
100 रुपये वर्गणी धोनीसाठी दिली होती भाऊ.

ए-304, 7:24
25 जण बसले होते, उठलं का कोणी? 20 टीम, शेवटच्या 3 खालच्या लीगमध्ये जातात. साउथॅम्प्टन आधीच गेलं. उरलेल्या 2 जागांसाठी तिघं: एव्हर्टन 33 पॉइंट, लेस्टर 31, लीड्स 31. हाफटाइमला लेस्टर 1-0 पुढे, आपलं 0-0. जिंकलं तर 3 पॉइंट, बरोबरीला 1. म्हणजे दोघांचे 34, अन् गोलफरकात आपण खाली.

सी-202, 7:25
"आपण"? तुझे आजोबा लिव्हरपूलचे काय बे?

ए-304, 7:26
एव्हर्टन लिव्हरपूल शहरातलंच आहे. पण लिव्हरपूल क्लब वेगळा. आपल्या नागपुरातलं महाल अन् धरमपेठ समज.

सी-402 काका, 7:31
आम्ही सायकलनं कामठीला जायचो रब्बानी क्लबची फुटबॉल मॅच पाहायला. तिथला आवाज ऐकला असता तर कालचा कोणाला ऐकूच आला नसता.

ए-002 काकू, 7:33
काका, कामठी माझ्या खिडकीखाली नाही.

बी-101, 7:34
कूलरचा पंप?

खजिनदार, 7:36
कल्पना छान आहे. मेंटेनन्सच्या यादीतले शेवटचे 3 फ्लॅट शेजारच्या सोसायटीत पाठवू या 😂

सी-301, 7:38
टोमणा कळला. मार्चचा चेक दिला आहे. पावती तुम्ही दिली नाही.

खजिनदार, 7:39
कोणाचं नाव घेतलं का मी? चेकवर सही नव्हती साहेब.

सेक्रेटरी, 7:40
आर्थिक विषय वैयक्तिक मेसेजवर बोलावेत.

सी-402 काका, 7:44
तो गोल मात्र काय बसला! एव्हर्टनचा डुकुरे. 57 वं मिनिट. बॉल हवेतून खाली येऊन राहिला अन् यानं डीच्या बाहेरून तसाच हाणला. बोर्नमथचा गोलकीपर काय करेल बाप्पा.

ए-304, 7:46
अन् मग 10 मिनिटं एक्स्ट्रा! 1-0 वर 10 मिनिटं! काकू, "काढ बे बाहेर" तेव्हाचंच, बॉलसाठी. एक गोल खाल्ला असता तर 1954 पासून पहिल्यांदा वरच्या लीगच्या बाहेर. आपला गोलकीपर पिकफर्ड, त्यानं शेवटी एक असा वाचवला की मला खुर्चीत बसवेना.

सी-202, 7:47
बसवेना काय, खुर्चीवर उभा होता हा.

बी-101, 7:48
खुर्चीवर उभा राहिला, टाकीत दोन बादल्या पाणी टाकलं नाही. नवतपा सुरू आहे, जरा लाज. पंप कोण आणून देते?

ए-002 काकू, 7:58
मग ते लेस्टर हरलं का?

ए-304, 7:59
नाही काकू, जिंकलं. वेस्ट हॅमला 2-1 हरवलं. तरी खाली गेले. एव्हर्टन 36, लेस्टर 34. 2016 चे चॅम्पियन ते.

ए-002 काकू, 8:01
जिंकून खाली?

ए-304, 8:01
हो.

ए-002 काकू, 8:06
हे काही बरोबर नाही. जिंकले ना बिचारे.

सी-202, 8:07
काकू लेस्टरच्या निघाल्या 😂😂

ए-002 काकू, 8:10
माझा विषय आवाजाचाच आहे. आज रात्री राहिलेली फायनल लावालच. माझ्याकडची खिडकी बंद ठेवा.

सेक्रेटरी, 8:12
त्या खिडकीत कूलर बसवला आहे. बंद होणार नाही.

बी-101, 8:12
काढून टाका कूलर. तसाही पंप कुठे आहे त्याला.