मदत हवी आहे: तागाच्या शेंगांतली अळी आणि माळावरचं लाल ठिपक्यांचं पाखरू, एकच का?

आमचं रान निपाणी-चिकोडी पट्ट्यात. उसाआधी हिरवळीच्या खतासाठी ताग केला, फुलावर आल्यावर गाडला. बियाणासाठी बांधाकडंच्या दोन ओळी तेवढ्या ठेवल्या, त्यांच्या शेंगांत आता अळी आहे. काळी, पांढरे पट्टे, नारिंगी ठिपके, विरळ केस. शेंगेला भोक पाडून डोकं आत, निम्मं अंग बाहेर, अशी दाणे खात बसते.

आबा म्हणतात औषध मारूया. दुकानदारानं बाटली दिली, पण वरचं कन्नड वाचलं तर त्यात तागाचं नावच नाही.

बांधापलीकडं गवताचा माळ, त्यात खुळखुळ्याची झाडं भरपूर. चालताना पायाजवळून पांढरी पाखरं उठतात आणि चार पावलांवर काडीला बसतात. पांढऱ्या पंखांवर लाल-काळ्या टिकल्या. भर दिवसा उडतात, म्हणून मी फुलपाखरूच समजत होते. परवा एक जाळ्यात अडकलं. कोळी धावत आला, चाचपलं, आणि धागे तोडून सोडून दिलं! आबांना सांगितलं तर हसले.

अळी याचीच का? औषध मारू की नको?

प्रतिसाद: ताई, याचीच. हा युटेथिसा नावाचा पतंग. पुल्केला आणि लोट्रिक्स, दोन्ही जाती आपल्याकडं आहेत. ताग म्हणजे खुळखुळ्याचाच भाऊबंद, त्यामुळं माळावरून तुमच्या ओळींत यायला त्याला बांध तेवढा ओलांडायचा. या झाडांत कडू विषारी द्रव्य असतं, दाण्यांत जास्त. अळी ते पचवून अंगात साठवते, पतंग झाल्यावरही ते राहतं. लाल टिकल्या म्हणजे 'मला खाऊ नका' अशी पाटीच. आबांना सांगा, कोळ्याचं खरं आहे: अमेरिकेत याच्या जातभाईवर कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयझनर यांनी हेच पाहिलं होतं.

औषध नको. तागाचं परागीकरण मोठे काळे भुंगे करतात, ते मेले तर शेंगाच धरणार नाहीत. दोनच ओळी आहेत, सकाळी हातानं वेचा. केसांनी खाज येऊ नये म्हणून हातमोजे घाला.

धागाकर्ती: वेचल्या, अर्धी बादली भरली. आबाही आले होते. चार अळ्या मी गुपचूप खुळखुळ्यावर सोडल्यात.