सोलर आणि बॅटरीवर काढलेले दिवस: तुमचे अनुभव

सुपारीवाली: काल माळा आवरताना बॅटरीतलं ॲसिड तपासायचा हायड्रोमीटर सापडला आणि थेट 3 जून 2020 आठवला. निसर्ग वादळ. दापोलीकडे आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या झोपल्या, खांब आडवे, पुढे महिनाभर वीज नाही. पत्र्यावरची दोन पॅनलं बाबांनी आदल्या दिवशीच सोडवून पडवीत आणली होती, म्हणून वाचली. एकच ट्युब्युलर बॅटरी, 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास). चार दिवे, एक पंखा. तरी संध्याकाळी पडवीत निम्म्या वाडीचे मोबाइल! रेंज कुठेच नव्हती, पण लोक चार्ज करून न्यायचे. बाबा सारखे व्होल्टमीटर लावून बघायचे. आकडा 12.2 व्होल्टच्या खाली गेला की पंखा बंद, मग घरात जावई असो नाहीतर व्याही. तुमच्याकडे आहेत का असे किस्से?

बांधावरचा: जावयाचं वाचून फुटलो.
आमचं शेतावरच्या खोलीत आहे. माकडांनी पॅनलची घसरगुंडी केलीय.

गणपुले_मास्तर: बाबांचं बरोबर होतं हो. 12 व्होल्टला 150 एएच म्हणजे 1800 वॅट-तास, पण असली लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची, की उरले 900. साधा पंखा 70-75 वॅट खातो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा घ्या, 30 च्या आसपास.

चिमणी७: घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आमच्या सासूबाईंनी बॅटरीत बोअरचं पाणी ओतलं! "पाणी ते पाणी." वर्षभरात आटोपली. झाकण उघडलं तर आत कळशीच्या बुडाला धरतो तसा पांढरा थर.

सुपारीवाली: अगं आई गं! आमच्याकडे डिस्टिल्डचा कॅन देव्हाऱ्याखाली असायचा, कोणी हात लावायची बिशाद नाही.

बांधावरचा: खरी परीक्षा आषाढात. चार दिवस आभाळ उतरलं की पॅनल नुसतं शोभेला. विकणारा म्हणाला होता "ढगातही चालतं". चालतं, मोबाइलपुरतं. पाचव्या दिवशी कंदील.

नवखा_पुणेकर: यावर मिक्सर चालेल का? फक्त चटणीपुरता.

गणपुले_मास्तर: 500 वॅटचा मिक्सर 12 व्होल्टवर 45-50 अँपिअर ओढतो. भर उन्हात, दोन मिनिटं, तेही इन्व्हर्टर दमाचा असेल तर. बॅटरीपासूनची वायर जाड आणि आखूड ठेवा, आमची तापून वास सुटला होता.

चिमणी७: त्यापेक्षा पाटा-वरवंटा काढा.

सुपारीवाली: पाट्यावरून आठवलं, पाट्याला टाकी लावणारे, छिन्नीने खडबडीत करून देणारे, येतात का कोणाकडे अजून? आमचा पार गुळगुळीत झालाय.

बांधावरचा: आमच्या बाजाराच्या दिवशी एक मावशी बसतात. पाटा डोक्यावर घेऊन या मात्र.

चिमणी७: आले आले, कुकर करपला.