मदत हवी आहे: बोरघाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनची जागा आजच्या नकाशावर कशी बसवावी?

नमस्कार मंडळी. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा बोरघाटातला मार्ग 1863 साली वाहतुकीला खुला झाला. चढ 37 फुटांत 1 फूट इतका खडा. खंडाळ्याच्या अलीकडे कड्यावर वळण घ्यायला जागाच नव्हती, म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी आंधळ्या टोकाला जाऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढे चढायची. 1929 च्या सुमारास नवीन मार्ग आला आणि हे स्टेशन वापरातून सुटलं.

आता अडचण. जुना नकाशा उपग्रह-चित्रावर ठेवला की जुन्या रुळांची रेषा दरीत उतरते. कारण बहुधा असं की जुळवणी आजच्या रुळांवर केली जाते, आणि नेमका तोच भाग बदललेला आहे. जुने मैल बोरीबंदरपासून (मुंबईतलं जुनं टोकाचं स्टेशन) मोजलेले, तेही जुन्या मार्गावरून; त्यामुळे सरळ 1.609 ने गुणून आजच्या किलोमीटरच्या दगडाशी ताळा बसत नाही.

नागफणीचा सुळका, जुना घाटरस्ता आणि 2020 मध्ये पाडलेल्या अमृतांजन पुलाची जागा हे तीन बिंदू जुळवणीसाठी धरले तर चालेल का? की तिन्ही एकाच बाजूला पडून नकाशा पिळवटेल? कर्जतच्या अंगाला न हललेला चौथा बिंदू कोणता घ्यावा? जुन्या मोऱ्या किंवा दगडी भराव ओळखणाऱ्यांनी कृपया फोटोसह सांगावं. पावसाळ्यानंतरचा फोटो नको, गवतात बांधकाम दिसत नाही. एप्रिल-मेमधला असेल तर फार उपयोग होईल.