गॅरेजचं दार: आज काय ते ठरवा

वहिनी (बंगला): सकाळी पुन्हा तेच झालं. बाबांना फिजिओकडे न्यायचं होतं आणि गॅरेजच्या सरकत्या दाराचा डावा पल्ला अर्ध्यावर अडकला. मी आणि मावशींनी पहार घालून रेटला. माझी बोटं चौकटीत सापडता सापडता वाचली. दर वेळी मी विषय काढते आणि दर वेळी गाडी आंब्यांच्या वाटणीवर जाते. आज निर्णय हवा. मोटर बसवायची.

धाकटे काका: खर्च किती? आणि कोण देणार?

नाशिकची आत्या: लागलं नाही ना गं? मात्र दार काढायचं नाही.

वहिनी (बंगला): आत्या, काढायचं कोणीच म्हणत नाहीये.

मधला दादा: मी म्हणतोय. रोलिंग शटर टाका, कटकट मिटेल.

वहिनी (बंगला): बंगला महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे. दर्शनी भागाला हात लावायचा तर समितीची परवानगी लागते. मागच्या वेळी हेच बोलणं झालं होतं, तुम्ही वाचलं नव्हतं.

म्युनिकचा बंटी: इथे सगळ्यांकडे रिमोट आहे. व्हिडिओ टाकलाय बघा, अर्ध्या दिवसाचं काम.

मधला दादा: मग ये अर्ध्या दिवसासाठी 😄 येताना चॉकलेटं आण.

नाशिकची आत्या: दार काढायचं नाही. पानशेत फुटलं तेव्हा, 12 जुलै 1961, मी नऊ वर्षांची होते. पाणी गॅरेजात शिरलं होतं. कडीच्या वर वीतभर गाळाची रेघ अजून आहे. अण्णांनी ती कधी पुसू दिली नाही. बाळ, तुला आठवतं ना?

धाकटे काका: आठवतं. पण खर्च कोण देणार?

ठाण्याचे भाऊजी: नमस्कार. मागच्या रविवारी मी माप घेतलं. एक पल्ला 8 फूट उंच, साडेपाच फूट रुंद, 2 इंच जाड सागवान. म्हणजे सव्वासात घनफुटांच्या थोडं वर लाकूड. घनफुटाला 18-19 किलो धरले तर 135 किलो, वर लोखंडी पट्ट्या. एका पल्ल्याचे दीडशे किलो समजा. सरकत्या गेटची मोटर 600 किलोचीही मिळते. दोन्ही पल्ले आतून तारेने आणि कप्पीने जोडले तर एकच मोटर पुरते. वजनाची अडचणच नाही.

वहिनी (बंगला): मग अडतंय कुठे, भाऊजी?

ठाण्याचे भाऊजी: चाकांत आणि रुळात. डाव्या पल्ल्याचं मागचं चाक एका बाजूने घासून चपटं झालंय, त्यामुळे पल्ला तिरका बसतो. रुळात गाळ आणि पाणी आहे. अशा दाराला मोटर लावली तर ती अडलेला पल्ला ढकलत राहील, मोटरचा कंट्रोल बोर्ड बंद पडेल नाहीतर गिअरचे दात जातील. दार आधी एका हाताने सरकलं पाहिजे. मोटर त्यानंतर.

मधला दादा: रुळात पाणी येतंच कसं? पूर्वी कधी साचायचं नाही.

ठाण्याचे भाऊजी: रुळाखाली पाणी जायला दोन भोकं होती. कोबा केला तेव्हा ती बुजली.

धाकटे काका: तो कोबा मी भर उन्हात उभा राहून करून घेतला होता. तेव्हा यातलं कोणी आलं नव्हतं. पैसेही मीच दिले.

मधला दादा: आणि त्या वर्षीचे आंबेही तुम्हीच नेलेत 🙏

वहिनी (बंगला): आला विषय आंब्यांवर! काका, तुम्ही तेव्हा केलंत म्हणून गॅरेज वापरात तरी राहिलं. कोणी दोष देत नाहीये.

नाशिकची आत्या: मोटरसाठी दाराला भोकं पाडणार का?

ठाण्याचे भाऊजी: नाही आत्या. मोटरचं गिअर जिला धरून दार ओढतं ती दातेरी पट्टी सागवानावर ठोकायची नाही. जुन्या लोखंडी पट्टीच्या आहेत त्याच बोल्टच्या भोकांत नवी पट्टी बसेल, तिच्यावर ही दातेरी पट्टी. रेघेला धक्का नाही. आणि आत्ता पावसात लाकूड फुगलंय, सुताराला रंधा मारू देऊ नका. दिवाळीनंतर लाकूड आवळतं, मग फटी दिसतील.

म्युनिकचा बंटी: पिल्लू मध्ये आलं तर?

ठाण्याचे भाऊजी: चांगलं विचारलंस. सेन्सरची जोडी गुडघ्याच्याही खाली लावायची, रांगतं मूल दिसलं पाहिजे. शिवाय दार कशाला टेकलं की मागे फिरेल इतकाच मोटरचा जोर बेतून घ्यायचा.

वहिनी (बंगला): आणि गुरुवारी लाईट जाते तेव्हा? गॅरेजला दुसरं दार नाही. मोटर आत, किल्ली आत, आणि बाबा व्हीलचेअरवर बाहेर.

ठाण्याचे भाऊजी: म्हणून मोटर दारापासून सोडवायची तार, जी ओढली की दार हाताने सरकतं, ती बाहेर काढून कुलपाच्या पेटीत ठेवायची. किल्ली तुमच्या स्वयंपाकघरात. बॅटरी घ्याच, पण तिच्या भरवशावर राहू नका.

धाकटे काका: खर्च?

ठाण्याचे भाऊजी: चाकं, बेअरिंग आणि रूळ मोटरपेक्षा बरंच स्वस्त. ते आत्ता करू. मोटरचं दिवाळीनंतर, चार घरांत वाटून.

नाशिकची आत्या: माझा वाटा धरा. दार राहतंय ना, मग झालं.

वहिनी (बंगला): शनिवारी लोहार जॅक लावून पल्ला उचलणार आहे. भोकं कुठे होती ते कोणाला नेमकं ठाऊक आहे?

धाकटे काका: मला. उजव्या खांबापासून दोन हातांवर एक, दुसरं नळाखाली. छिन्नी घेऊन आठला येतो. चहा ठेव.