बँड आणि आंदोलन, दोन्ही एकत्र जमतं का? (पणजी/म्हापसा)

कहोनवाला
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, दोघं पणजीचे दोघं म्हापशाचे, दोन गिटार, एक कहोन (ज्यावर बसून वाजवतात तो खोकाढोल) आणि एक घुमट (आपलं मातीचं, कातडं ताणलेलं वाद्य). स्वतःची गाणी आहेत मराठी-कोंकणी मिक्स, पण पोट भरतं ते कळंगूट-हणजूणच्या रेस्टॉरंटांत जुनी हिंदी-इंग्लिश गाणी वाजवून, तेही सिझनलाच, पावसात ठणठणाट. आता एका मित्राच्या गावात डोंगर कापायला काढलाय, झोन बदलून घेतला, ते नगर नियोजन कायद्यातल्या झोन बदलायच्या कलम १७(२) आणि ३९अ चं प्रकरण तुम्हाला माहीतच असेल. गावकऱ्यांची सभा आहे, मग पणजीच्या आझाद मैदानावर धरणं, आणि ते म्हणतायत येऊन दोन-चार गाणी म्हणा. मनापासून जायचंय. पण जिथे आम्ही दर शनिवारी वाजवतो तिथल्या मालकाने हसत हसत सांगून टाकलं, "पॉलिटिक्स नको हां, गिऱ्हाईक पळतं." तर असं दोन्ही करणारे कोणी आहात का? साउंडची परमिशन कोण देतं, पैसे घ्यायचे का, आणि भाषा कुठली धरायची, कारण आपल्याकडे भाषा म्हटली की मूळ विषय बाजूला आणि भांडण वेगळंच.

जुना_कलापथकी
अरे बाबा गोव्यात हे नवीन कुठे आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा १६ जानेवारी १९६७ चा ओपिनियन पोल घे, उल्हास बुयांव आणि त्यांचं जय गोमंतक कलापथक गावोगाव फिरून गात होतं, विलीनीकरण नको म्हणून. आमचं घर पक्कं मगोवालं (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, त्यांना विलीनीकरण हवं होतं), सिंहावर शिक्का मारणारं, म्हणजे ती गाणी आमच्या विरोधातली, तरी वडिलांना तोंडपाठ होती, न्हाणीत गुणगुणायचे आणि आई बाहेरून ओरडायची की कोणाची गाणी म्हणताय. निकाल विलीनीकरण नको १,७२,१९१, हवं १,३८,१७०, फक्त ३४ हजारांचा फरक. तो गाण्यांमुळे पडला असं मी म्हणणार नाही, पण विरोधकाच्या न्हाणीत शिरलेलं गाणं म्हणजे काय ते मी ऐकलंय.

पैशाचं म्हणशील तर तियात्र बघ, आपलं कोंकणी नाटक. मध्ये मध्ये कांतारां म्हणजे गाणी येतात, त्यात मंत्र्यांना सरळ ठोकून काढतात, फ्रान्सिस द तुये यांची तर ओळखच राजकीय कांतारांसाठी, आणि लोक तिकीट काढून येतात. तिथे पैसा ऐकणाऱ्याच्या खिशातून येतो म्हणून गाणारा मोकळा. तुझ्या शनिवारचा पैसा मालकाच्या गल्ल्यातून येतो, तेवढाच फरक. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये पहिला आल्बम घरीच रेकॉर्ड करून कॅसेट स्वतःच विकायला घेतल्या, पुढे पंतप्रधान राजीव गांधींसमोर गोव्याच्या प्रश्नांवर गायले, ते उगाच नाही.

स्पष्टच_बोलतो
मी जरा थंड पाणी ओततो. गाऊन डोंगर वाचत नाही. मुंबईत मेट्रो कारशेडविरुद्ध आरेच्या जंगलासाठी किती गाणी झाली, तरी ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात झाडं पडलीच. आमच्या गावात पण बँड आला होता, लोक जमले, रील निघाल्या, सगळे खूश, आणि हरकती नोंदवायची मुदत गेली निघून, पंचायतीत कागद द्यायला मोजकीच माणसं. बँडवाल्यांचे फॉलोअर मात्र वाढले. तुम्ही तसे नसाल, पण विचारून ठेवतो, गाणं कोणासाठी म्हणताय?

सुरंगीचीवळेसर
@स्पष्टच_बोलतो अर्धं पटलं. मी दक्षिण गोव्यातल्या चांदरला होते, नोव्हेंबर २०२० ची ती रात्र, रेल्वे रुळांवर हजारो लोक, कोळसा नको, रेल्वेचं दुपदरीकरण नको म्हणून, आणि रात्रभर गाणी, नाच, घुमटं. स्टेज वगैरे काही नाही, आमच्या बाजूला तर माइकचा आवाजपण पोचत नव्हता, त्यामुळे ज्या गाण्याचं पालुपद दोन ओळींचं तेच मागच्या माणसापर्यंत गेलं, कडव्यांतली सुंदर सुंदर कविता पुढच्या चार रांगांतच संपली. नंतर काहींवर गुन्हेपण नोंद झाले, तेही लक्षात ठेवा, गाणं म्हणून कोणी सोडत नाही. आणि मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या त्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली ती कागदांवर, अभ्यासावर, वकिलांच्या मेहनतीवर. पण तोवर दीड वर्ष माणसं टिकवून कोणी धरली? चित्रकार, गाणारे, विद्यार्थी, सगळ्यांनी मिळून. कंटाळा हा आंदोलनाचा मोठा शत्रू आहे हो, पोलीस नंतर.

आरेचं म्हणाल तर तिथे मुंबईच्या स्वदेशी ग्रुपने रॅप केलं त्यात आदिवासी प्रकाश भोईर स्वतः गायलेत, आरेच्याच पाड्यावरचे. @कहोनवाला तुम्हीपण तेच करा, गावातल्या बायकांना विचारा, धालोची (बायकांचं लोकनृत्य) नाहीतर फुगडीची चाल घ्या आणि शब्द त्यांना बांधू द्या. डोंगराचं नाव, झरीचं नाव, कुठल्या बाजूने पाणी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, उतरतं, हे त्यांना माहीत, तुम्हाला नाही. भाषेचा प्रश्नपण तिथेच मिटतो, त्या गातील ती भाषा.

साउंडवाला_फोंडा
परमिशनचं सांगतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे लाउडस्पीकरला दिवसापण लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर नुसती वाद्यंपण चालत नाहीत. अर्ज उपजिल्हाधिकाऱ्यांकडे, पोलिसांचा ना हरकत दाखला जोडायचा, आणि अर्ज आयोजकांच्या नावाने करा, बँडच्या नावाने नको. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, म्हणजे खरं तर नुसत्या घुमटानेच ओलांडते, हसू येतं पण कागदावर तेच आहे. शक्यतो स्पीकर न लावता दिवसा वाजवा, अर्धी कटकट कमी. लावायचाच तर बॅटरीवरचा ट्रॉली स्पीकर पुरे, जनरेटर नको, त्याच्या घरघरीत भाषण ऐकू येत नाही. घुमट बकरीच्या कातड्याचं असेल (असणारच, घोरपडीचं आता गुन्हा आहे) तर पावसात सैल पडतं, उन्हात किंवा शेकोटीजवळ धरून तापवून घ्या, आझाद मैदानावर शेकोटी कोणी करू देणार नाही म्हणून घरूनच तापवून आणा. आमच्या मंडळाचा घुमट-आरतीच्या वेळी ऐन समेला ढप्प आवाज आला होता, अजून लोक चिडवतात.

जुना_कलापथकी
मालकाचं राहिलंच. त्याला आधी सांगून टाक की शनिवारी तुझ्याकडे तुझी गाणी, बाहेर आमची, आणि पोस्टरवर त्याच्या जागेचं नाव येणार नाही. बहुतेक मालकांना तत्त्वाशी देणंघेणं नसतं, कोणाचा तरी फोन येईल ही भीती असते. तरी नाही म्हणाला तर शनिवार जाईल, ते धरूनच चाल. आंदोलनाकडून मानधन घेऊ नको पण पेट्रोल आणि जेवण जरूर घे.

कहोनवाला
देव बरें करूं सगळ्यांना. ठरलं असं, सभेला स्पीकरशिवाय जातोय, दोनच गाणी, आणि @स्पष्टच_बोलतो तुमचं ऐकून शेवटच्या गाण्याआधी हरकतींचे फॉर्म वाटायचे, भरून दिल्याशिवाय शेवटचं गाणं नाही 😄 मित्राची आजी फुगडीची चाल द्यायला तयार आहे, फक्त म्हणते तुमचा ठेका फार धावतो. गिटारवाल्यांपैकी एकजण अजून शनिवारवर अडलाय, त्याच्या घरी हप्ते आहेत, त्याला दोष देत नाही, त्या दिवशी तिघेच जाऊ. आझाद मैदानासाठी कोणाकडे ट्रॉली स्पीकर आहे का, पणजीच्या आसपास?

साउंडवाला_फोंडा
आहे माझ्याकडे. भाडं नको, पण परवानगीचा कागद आधी दाखव. मेसेज कर.