आई-बाबांसह रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस: फिरणे आणि शाकाहारी जेवण यांच्या वेळा कशा जुळवाव्यात?

मोगरा:

नमस्कार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी, माझे यजमान आणि माझे आई-बाबा असे चौघे नऊ रात्रींसाठी इटलीला जात आहोत. शुक्रवारी दुपारी रोमला उतरायचे, तेथे चार रात्री राहायचे, मंगळवारी फ्लॉरेन्सला जाऊन तीन रात्री, पुढच्या शुक्रवारी व्हेनिसला जाऊन दोन रात्री आणि रविवारी तेथूनच परतीचे विमान, एवढे पक्के असून विमानाची तिकिटे काढून झाली आहेत. बाबा ७२ वर्षांचे आहेत आणि अजूनही नेमाने पर्वती चढतात. आई ६८ वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात आणि जिना दिसला की तिचा चेहरा उतरतो. आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही; आम्ही तिघे अंड्यापर्यंत जातो, त्यापुढे नाही.

माझा आराखडा असा आहे: शनिवारी कलोसियम, रोमन फोरम, पँथिऑन आणि त्रेवी कारंजे, रविवारी व्हॅटिकन संग्रहालये आणि सेंट पीटर्स बॅसिलिका, सोमवारी बोर्गेझे कलादालन आणि स्पॅनिश पायऱ्या. फ्लॉरेन्समध्ये बुधवारी उफित्झी कलासंग्रहालय, ‘डेव्हिड’चा पुतळा आणि कॅथेड्रलचा घुमट, गुरुवारी पहाटे निघून पिसा आणि चिंक्वे तेर्रे ही समुद्रकाठची गावे पाहून रात्री परत. व्हेनिसचे अजून काही ठरवलेले नाही.

जेवणाचा मात्र यात कोठेच उल्लेख नाही, हे मला कागदावर उतरवल्यावर लक्षात आले. ‘भूक लागेल तेथे समोर दिसेल त्या ठिकाणी बसू’ असे यजमानांचे म्हणणे आहे, आणि आईच्या खाण्यामुळे मला त्याचीच धास्ती वाटते. स्वयंपाकघर असलेली सदनिका भाड्याने घ्यावी का, आणि हा आराखडा आईला झेपेल का, हे जाणकारांनी सांगावे.

पायपीट:

‘भूक लागेल तेथे बसू’ ही पद्धत दादर किंवा डेक्कनवर चालते, इटलीत चालत नाही, आणि त्याचे कारण शाकाहार नसून घड्याळ आहे. तेथील बहुतेक भोजनालयांची स्वयंपाकघरे दुपारी साधारण साडेबारा ते अडीच चालतात, मग बंद होतात आणि रात्री साडेसातच्या सुमारास पुन्हा उघडतात. मधल्या पाच तासांत पर्यटकांच्या गर्दीच्या चौकांत खायला मिळते, पण तेथे गरम करून दिलेला पास्ता दुप्पट पैशांत खावा लागतो.

आम्ही माझ्या सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा हा धडा फ्लॉरेन्समध्ये शिकलो. उफित्झीतून बाहेर पडायला पावणेतीन वाजले, तीन ठिकाणी दारातूनच मान हलवून परत पाठवण्यात आले, आणि शेवटी सासूबाई एका चर्चच्या पायरीवर बसून केळे आणि पर्समधला चिवडा खात होत्या. त्यांनी तक्रार केली नाही, पण संध्याकाळी खोलीतून बाहेर पडायलाही त्या तयार झाल्या नाहीत. त्यानंतर आम्ही क्रमच उलटा केला: आधी दुपारच्या जेवणाची वेळ आणि जागा ठरवायची, त्याच्या अलीकडे सकाळचे एक मोठे स्थळ ठेवायचे, जेवणानंतर खोलीवर आडवे व्हायचे आणि पाचनंतर केवळ चौक, पूल, कारंजी असे तिकीट न लागणारे काहीतरी पाहायचे. तुमचा आराखडाही मी असाच बांधीन. दिवसाला आगाऊ तिकिटाचे एकच स्थळ ठेवावे.

आता वारांकडे पाहा, कारण तुमचे रोममधले दोन दिवस बंद दारांवर आदळणार आहेत. व्हॅटिकन संग्रहालये रविवारी बंद असतात. अपवाद फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारचा, आणि तुम्ही तर पहिल्या आठवड्यात जात आहात. बोर्गेझे सोमवारी बंद असते. म्हणून शनिवारी सकाळी आठचे व्हॅटिकनचे तिकीट काढावे, रविवारी बोर्गेझे ठेवावे (तेथे दोन तासांच्या ठरलेल्या वेळेतच आत सोडतात, त्यामुळे आगाऊ नोंदणीला पर्याय नाही) आणि सोमवारी कलोसियम. कलोसियमची तिकिटे भेटीच्या तीस दिवस आधी ऑनलाइन खुली होतात, त्यांवर प्रत्येकाचे नाव असते आणि दाराशी ओळखपत्र पाहतात, त्यामुळे पासपोर्टवरील नावच अक्षरशः तसे टाकावे. तुमचा रविवार महिन्याचा पहिला असेल, तर सरकारी संग्रहालयांना प्रवेश विनामूल्य असतो हे खरे, पण त्या दिवशी कलोसियमच्या रांगेत आईंना उभे करू नये.

कलोसियमला लिफ्ट आहे आणि व्हॅटिकन संग्रहालयांत चाकाची खुर्ची विनामूल्य मिळते. आई ‘मला कशाला खुर्ची’ म्हणतील. तरी घ्यावी, कारण सिस्टाइन चॅपेलपर्यंतची दालने संपता संपत नाहीत. बॅसिलिकेत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तेव्हा तुमच्या यजमानांनी त्या दिवशी अर्धी चड्डी घालू नये. फोरममधील वाट जुन्या उंचसखल दगडांची आहे. बाबांनी ती चालावी आणि आईंनी वरच्या रस्त्यावरून पाहावी, म्हणजे दोघांचेही समाधान होईल.

चिंक्वे तेर्रे मात्र निर्दयपणे काढून टाकावे. फ्लॉरेन्सहून जाण्यातच अडीच तासांच्या आसपास जातात, आणि ती गावे म्हणजे चढ आणि पायऱ्याच आहेत. पिसा एकटे ठेवल्यास प्रादेशिक गाडीने सुमारे तासाभरात पोहोचता येते आणि अर्ध्या दिवसात होते. फ्लॉरेन्सच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तो बाबांचा मान आहे.

चिंचगूळ:

पायपीट यांचे वेळापत्रक मला पटते, म्हणून मी खाण्यापुरतेच लिहिते.

इटलीत शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण फसगत होऊ शकते. मांस दिसत नाही म्हणजे ते नाही, असे समजू नये. रिसोतो (भाताचा प्रकार) आणि मिनेस्त्रोने (भाज्यांचे सूप) यांत मांसाचा रस्सा असू शकतो. भोपळ्याच्या फुलांची भजी पाहून आईंना माहेर आठवेल, पण रोममध्ये त्या फुलांत मोझरेलासोबत खारवलेला छोटा मासा घालण्याची पद्धत आहे. ‘कार्ने’ म्हणजे मांस नको, एवढे सांगून भागत नाही, कारण डुकराच्या मांसाचे पातळ काप अनेकांच्या लेखी ‘कार्ने’ नसतातच. त्यांचे नाव वेगळे घेऊन नकार द्यावा लागतो.

अंड्याचा नियम सोपा आहे. सुका पास्ता, म्हणजे स्पगेती, पेन्ने, रिगातोनी, हा साधारणपणे रवाळ गव्हाचे पीठ आणि पाणी एवढ्यावर होतो. ताजा पास्ता, म्हणजे ताल्यातेल्ले, रव्हिओली, लझान्या, यांत अंडे असतेच असे धरून चालावे. अपवाद तोस्कानातील, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतातील, ‘पीची’चा. त्या हाताने वळलेल्या जाड शेवया असतात, बहुधा नुसत्या पिठाच्या आणि पाण्याच्या, आणि लसूण-टोमॅटोच्या रश्शात मिळतात. तरी एकदा विचारावे. गोडात तिरामिसूत अंडे असते आणि पान्ना कोत्तात प्राणिज जिलेटिन, त्यामुळे आईंसाठी लिंबाचे किंवा अन्य फळाचे सोर्बेत्तो उत्तम.

आता अवघड गोष्ट. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातील विरजणानेच लावले जाते, तसा त्याचा नियमच आहे, आणि रोमचे पेकोरीनो कोकराच्या विरजणाचे असते. आईंना हे चालणार नसेल, तर ‘सेन्त्सा फोर्माज्जो’, म्हणजे चीजविना, असे सांगावे लागेल, आणि पिझ्झ्यात मारिनारा घ्यावा, ज्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते. मी माझ्या आईला हे मुद्दाम सांगितले नव्हते. ती पास्त्यावर चीज किसून घेत राहिली आणि मी पाहत राहिले. आजही ते मला खटकते. तुम्ही निघण्यापूर्वी घरीच हा विषय काढावा.

फ्लॉरेन्समध्ये तुमची चांगली सोय होईल. ‘फाजोली अल्लुच्चेलेत्तो’ ही टोमॅटो आणि सेज घातलेली पांढऱ्या घेवड्याची जवळजवळ उसळच आहे. तिच्याबरोबर तेथील पाव घेतला की आई पहिल्या घासाला ‘यात मीठ विसरले’ म्हणतील. विसरलेले नसते, तोस्कानाचा पाव अळणीच असतो. शिळा पाव, घेवडा आणि काळपट पालेभाजी यांची ‘रिबोल्लीता’ही मागवावी, मात्र तीत मांसाचा तुकडा टाकलेला नाही ना, हे विचारून. पिसाला जाल तेव्हा ‘चेचीना’ शोधावी. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ यांचे पातळ मिश्रण मोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजतात. कडा कुरकुरीत, मधला भाग मऊ, वरून भरडलेली मिरी. बेसनाच्या पोळ्याची इतकी सख्खी बहीण मी इतरत्र खाल्लेली नाही. आणि कधी वेळ चुकलीच, तर फ्लॉरेन्सच्या सान लोरेंझो भागातील मेर्कातो चेंत्रालेच्या वरच्या मजल्यावरील खाद्यदालन दिवसभर उघडे असते.

सामानाबाबत एक सूचना: भारतातून युरोपीय संघात दूध आणि मांस यांचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवावी. मेतकूट, भाजणी आणि चटण्या न्याव्यात.

सदनिका मात्र अवश्य घ्यावी, निदान रोममध्ये. रात्री मऊ भात आणि मेतकूट मिळाले की दुसऱ्या दिवशी आईंना कशाचीच कुरकूर राहत नाही.

लाटा:

सदनिकेबाबत माझे मत वेगळे आहे. तेथे भांडी अनोळखी, शेगडी बहुधा इंडक्शनची, म्हणजे घरून नेलेला साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालतच नाही, आणि सुट्टीतही आई किंवा तुम्ही ओट्यापाशीच उभ्या राहता. यजमानांनी रोज भात लावण्याचे लेखी आश्वासन दिले तर जरूर घ्या. शिवाय जुन्या इमारतींतील सदनिका पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आणि लिफ्टविना असतात. जाहिरातीत लिफ्टचा शब्द नसेल तर लिफ्ट नाही, असेच समजावे.

मला बोलायचे आहे ते व्हेनिसबद्दल. तेथे मोटार नाही, रिक्षा नाही, आणि प्रत्येक पूल म्हणजे पायऱ्या. सान्ता लुचिया स्थानकातून बाहेर पडताच समोर ग्रँड कॅनॉल आणि डाव्या हाताला पायऱ्यांचा दगडी पूल दिसतो. दोन बॅगा घेऊन तो चढताना माझ्या वडिलांना धाप लागली, तेव्हा हॉटेल ‘स्थानकापासून दहा मिनिटे’ असण्याचा अर्थ मला कळला. म्हणून हॉटेल निवडताना स्थानकापासूनचे अंतर पाहू नका. व्हापोरेत्तो, म्हणजे तेथील जलबस, हिच्या थांब्यापासून दारापर्यंत एकही पूल लागत नाही ना, हे हॉटेलला पत्र पाठवून विचारा. फ्लॉरेन्सहून गाडी सव्वादोन तासांच्या आसपास घेते. तिकीट सान्ता लुचियापर्यंतचे काढा, त्याच्या अलीकडचे मेस्त्रे हे मुख्य भूमीवर आहे.

जलबसचे ७५ मिनिटांचे तिकीट साडेनऊ युरोंचे आहे, त्यामुळे दोन दिवसांचा पास सहज परवडतो. एक क्रमांकाची जलबस संथपणे सगळ्या ग्रँड कॅनॉलमधून जाते. संध्याकाळी तिच्यात पुढची मोकळी जागा मिळाली की दोन्ही काठांचे वाडे बसल्या जागी पाहून होतात, आणि आईंच्या गुडघ्यांना यापेक्षा चांगले स्थळदर्शन इटलीत नाही. काही ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरते येणाऱ्यांकडून शहर प्रवेशशुल्क घेते. तुम्ही तेथे मुक्काम करणार असल्याने तुम्हाला ते लागू नाही, पण तो दिवस यादीत असेल तर सूट नोंदवून ठेवावी लागते.

जेवणाच्या दृष्टीने व्हेनिस मासळीचे गाव आहे आणि तिघांत अवघड तेच. पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, अळंब्यांबरोबर मिळते. ऑक्टोबर हा अळंब्यांचा हंगामच आहे. सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजत असलेल्या कॅफेत बसण्यापूर्वी दरपत्रक वाचावे, कारण तेथे संगीताचे पैसे वेगळे लागतात. एरवीही उभ्याने कॉफी घेतली तर एक दर आणि खुर्चीवर बसून घेतली तर दुसरा, हे देशभर चालते. आणि बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो दिसले तर ती लबाडी नाही, ते बसण्याचे आणि पावाचे शुल्क आहे.

मोगरा:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आराखडा फाडून नव्याने केला. शनिवारी व्हॅटिकन, रविवारी बोर्गेझे, सोमवारी कलोसियम. बुधवारी उफित्झी, गुरुवारी सकाळी ‘डेव्हिड’ आणि दुपारनंतर पिसा. चिंक्वे तेर्रे रद्द. सदनिकेवरून घरात मतदान झाले. यजमानांनी लेखी आश्वासन देण्यास नकार दिल्याने हॉटेल ठरले आहे.

चीजचा विषय आईकडे काढला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘मोझरेला कसे लावतात तेही विचारून ठेव.’ तेव्हा आता तेही सांगावे. शिवाय वाढप्याला दाखवायला एक चिठ्ठी हवी आहे.

चिंचगूळ:

मोझरेला प्राणिज आणि बिगरप्राणिज अशा दोन्ही प्रकारच्या विरजणांनी लावले जाते. दुकानातील पाकिटावर ‘काल्यो मिक्रोबिको’ किंवा ‘काल्यो व्हेजेताले’, म्हणजे सूक्ष्मजीवांचे किंवा वनस्पतींचे विरजण, असे छापलेले असेल तर ते आईंना चालेल. भोजनालयात मात्र खात्री देणारा क्वचितच भेटतो, तेथे मारिनाराच बरा. चिठ्ठीवर हे इटालियन शब्द रोमन लिपीत लिहून घ्यावेत: ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा प्रोशुत्तो, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा अच्चूगे, सेन्त्सा उओवा, सेन्त्सा फोर्माज्जो, सेन्त्सा ब्रोदो दि कार्ने’, म्हणजे अनुक्रमे मांस, हॅम, मासे, अँकोव्ही, अंडी, चीज आणि मांसाचा रस्सा यांविना. एवढी लांबलचक यादी पाहून वाढपी बहुधा चिठ्ठी घेऊन आत जाईल. जाऊ द्यावे. आमच्या वेळी आतून आचारीच बाहेर आला होता आणि आईसाठी त्याने यादीत नसलेली परतलेली पालेभाजी करून दिली होती.

पायपीट:

गुरुवारबद्दल एकच. ‘डेव्हिड’चे तिकीट सकाळी लवकरचे घ्या, साडेबाराला फ्लॉरेन्समध्येच जेवा आणि मगच पिसाची गाडी पकडा. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट घेतले तर फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायला विसरू नका. नाहीतर तिकीट जवळ असूनही दंड भरावा लागतो. चेचीना संध्याकाळी.