डिस्नेचे शेअर भारतातून घेताना: पैसे पाठवणं, टीसीएस, डिव्हिडंडवरचा कर

नवखा_सदाशिव: वॉल्ट डिस्नेचे साधारण लाखभराचे शेअर घ्यायचे आहेत. इथला डीमॅट चालत नाही एवढं कळलं. पैसे पाठवायचे कसे? टीसीएस, म्हणजे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापतील का? डिव्हिडंडवर दोनदा कर बसतो का? हॉटस्टार आणि आयपीएलची कमाई याच शेअरमध्ये येते असं धरून चाललोय.

ताळेबंद: शेवटचं गृहीतक आधी सोडा. १४ नोव्हेंबर २०२४ ला डिस्नेची इथली कंपनी स्टार (हॉटस्टार त्यातच) आणि रिलायन्सची वायकॉम१८ एकत्र होऊन जिओस्टार झालं. त्यात डिस्नेचा वाटा ३६.८४ टक्के. त्यामुळे इथल्या जाहिरातींचा पैसा डिस्नेच्या महसुलात धरलाच जात नाही, नफा-तोट्यातला हिस्सा तेवढा येतो. डिस्नेची दुभती गाय म्हणजे थीम पार्क आणि क्रूझ. २०२४ च्या आर्थिक वर्षात सगळ्या विभागांचा मिळून कार्यकारी नफा १५.६ अब्ज डॉलर, त्यातले सुमारे ९.३ अब्ज एकट्या 'एक्स्पिरियन्सेस' विभागाचे. सिनेमा आपटला की बातम्या होतात, पण निकालात आधी पार्कांतली गर्दी आणि माणशी खर्च बघा. आणि हो, त्यांचं वर्ष मार्चला नाही, सप्टेंबरच्या शेवटाला संपतं.

डॉलरवाला: पैसे एलआरएसमधून, म्हणजे रहिवाशांना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून जातात. अमेरिकी शेअर देणाऱ्या ब्रोकरकडे खातं उघडा, मग बँकेत ए-२ (परदेशी पैसे पाठवण्याचा) फॉर्म भरा. उद्देशाचा कोड एस०००१, म्हणजे परदेशी शेअरमधली गुंतवणूक. घाईत 'भेट' किंवा 'कुटुंबाचा खर्च' निवडला की पुढे निस्तरत बसावं लागतं. वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के; तोही रिटर्नमध्ये वळता होतो.

खरी चाट दरात बसते. बँकेनं डॉलरमागं एक रुपया जास्त लावला तर लाखामागं हजार-बाराशे गेले. शिवाय लाखाच्या रूपांतरावर १८० रुपये जीएसटी आणि वायरचं, म्हणजे पैसे तिकडे पोचवण्याचं शुल्क वेगळं. म्हणून दरमहा पाच-पाच हजार पाठवू नका, एकदाच पाठवा. पण पाठवून नुसते ठेवूही नका: न गुंतवलेले पैसे १८० दिवसांत परत आणावे लागतात.

नवखा_सदाशिव: जिओस्टारचं माहीत नव्हतं, बरं झालं विचारलं. डिव्हिडंडचं काय?

रिटर्न_भरा: खातं उघडताना डब्ल्यू-८बेन (आपण अमेरिकी करदाते नाही असं सांगणारा) फॉर्म भरला असेल तर अमेरिकेत २५ टक्के कापतात, नाहीतर ३०. सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो संपतो, नवा भरायला लोक हमखास विसरतात. डिस्नेनं २०२५ मध्ये जानेवारी आणि जुलैला ५०-५० सेंट दिले. म्हणजे १० शेअरवर १० डॉलर, त्यातले अडीच तिकडेच कापले. इथे उत्पन्न पूर्ण १० डॉलर दाखवायचं, त्यावर तुमच्या स्लॅबनं कर, आणि त्या करातून अडीच डॉलरची वजावट फॉर्म ६७ भरून घ्यायची. हातात आलेले साडेसात दाखवले तर हिशेबच चुकला.

विक्रीवर २४ महिन्यांनंतर १२.५ टक्के, त्याआधी स्लॅबनं. इथल्या शेअरवरची सव्वा लाखाची सूट याला लागू नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते शेड्यूल एफए, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता. एक शेअर असला तरी आयटीआर-१ चालत नाही, २ किंवा ३ लागतो. आणि ते एप्रिल-मार्च नव्हे, जानेवारी-डिसेंबर धरून भरायचं असतं. फेब्रुवारी २०२६ मध्ये घेतलेले शेअर जुलै २०२६ च्या रिटर्नच्या एफएमध्ये येणारच नाहीत, पुढच्या वर्षी येतील. वर्षातली सर्वाधिक किंमतही द्यावी लागते, म्हणून ब्रोकरचं डिसेंबरचं स्टेटमेंट जानेवारीतच उतरवून ठेवा.

डॉलरवाला: एक राहिलं. तिकडचा बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला, हिवाळ्यात ८ ला उघडतो. दुपारी मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकून झोपू नका, लिमिट (आपण ठरवलेला भाव) लावा.